मैराळ लोहाराची जन्मतारीख

रकाना क्र. २ : जन्मतारीख

सुरुवात रकाना क्रमांक एकपासून करायची असते, हे विष्णुपंत गंधे यांना कोणी सांगायला नको. चौतीस वर्षं त्यांनी शिक्षण खात्यात कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. पण जे घडलं ते दोन नंबरच्या रकान्यात घडलं, आणि माणूस घसरला तिथूनच सांगायला लागतो.

विष्णुपंतांना भीती वाटते. कशाची, हे विचारू नये. यादी लांब आहे. कुकरची, लिफ्टची, अनोळखी नंबरची, ओटीपी येण्याची आणि ओटीपी न येण्याची. रजिस्टर पोस्ट घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला की ते आधी बायकोला पुढं करतात. या सगळ्या भीतींच्या वर, थेट देवघराच्या फळीवर म्हणा ना, एक भीती बसलेली आहे : कोरा रकाना. कोरा रकाना म्हणजे रात्री उघडं राहिलेलं मागचं दार. त्यातून चौकशी आत येते. म्हणून चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही रकाना कोरा गेला नाही. माहिती असेल तर माहिती, नसेल तर ‘निरंक’, आणि ‘निरंक’ चालत नसेल तर जे चालतं ते.

एप्रिलमधल्या एका सकाळी खंगरवाडीचा सरपंच कल्याण नगरला त्यांच्या सावेडीच्या फ्लॅटवर आला. खंगरवाडी शेवगाव तालुक्यात. कल्याणच्या हातात एक फॉर्म होता : ‘विस्मृत कारागीर : माहिती संकलन (विहित नमुना)’. कुठल्याशा सरकारी कचेरीनं गावोगावी पाठवलेला. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

“काका, मैराळबाबाचं तुमच्याइतकं कुनाला ठावं हाय? तुमी भरा, मी गाडी चालूच ठेवलीय खाली.”

खाली खरंच गाडी चालू होती. तिचा आवाज ऐकून विष्णुपंतांना आणखी घाई झाली. नाव भरलं. गाव भरलं. मग आला रकाना दोन.

मैराळ लोहाराचा जन्म कधी झाला, हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. विष्णुपंतांनी मनात हिशेब केला, मैराळच्या भात्याची नोंद (ती पुढं येईल) ज्या पुडक्यात मिळाली, त्यातले कागद १८२१च्या सुमाराचे; तेव्हा तो तिशीचा तरी असणार. म्हणजे साल साधारण १७९१. इथवर ते संशोधक होते. पण सालाच्या आधी दिवस आणि महिना असे दोन छोटे चौकोन होते, कोरे, आणि विष्णुपंतांकडं बघत होते. त्या क्षणी त्यांच्यातला संशोधक उठून बाहेर गेला आणि हेडक्लार्क येऊन बसला. हातानं आपोआप लिहिलं : १ जून.

ज्यांच्या घरी सगळ्यांच्या जन्माच्या वेळा घटकापळांसकट लिहिलेल्या असतात, त्यांच्यासाठी खुलासा. आपल्याकडं पोराला शाळेत घालायला आणलं आणि आईबापांना तारीख सांगता आली नाही, तर मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरात लिहायचे १ जून, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर बसतं. अशी अख्खीच्या अख्खी गावं एक जूनला जन्मलेली आहेत. खुद्द विष्णुपंतांचा जन्म मार्गशीर्षातला, कडाक्याच्या थंडीतला. कागदावर मात्र एक जून. तेही ३१ मे रोजी निवृत्त झाले, खात्यातल्या आणखी अकरा जणांबरोबर, एकाच हाराच्या ऑर्डरीत.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात नेहमीचं वाक्य होतं : ‘वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.’ या वाक्याखाली विष्णुपंतांनी आयुष्यात हजारो लोकांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांनी सवयीनं सही ठोकली. कल्याण पळाला. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळला आणि विरला.

मग शांततेत विष्णुपंतांना ते वाक्य ऐकू आलं.

रकाना क्र. १ : नाव

मैराळ लोहार.

हा त्यांच्या आयुष्यात कसा आला, ते थोडक्यात. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, डोकं गुंतवा. तळमजल्यावरचे आबासाहेब, बँकेतून निवृत्त, सोसायटीतल्या प्रत्येक गोष्टीवर लेखी आक्षेप घेणारे, म्हणाले, “विष्णुपंत, मोडी शिका. मोडी शिकलेल्या माणसाला मरेपर्यंत काम पुरतं.” वर स्वतःचं भिंगही दिलं. विष्णुपंत मोडी शिकले. मावशीच्या घरची कागदांची पुडकी रद्दीत निघाली होती, ती घरी आणली. सगळी देण्याघेण्याची कटकट. पण एका चिठोऱ्यावर दोन ओळी होत्या :

‘खंगरवाडीस मैराळ लोहार याणे मोटेस भाता लाविला. येका चालीत पाणी व वारा दोन्ही.’

झालं. विष्णुपंतांना त्या दोन ओळींनी धरलं. लोखंड गाळायच्या भट्टीला सतत वारा लागतो आणि तो माणसं भाता ओढून देतात, एवढं त्यांनी वाचलं होतं. या माणसानं भाता विहिरीच्या मोटेला बांधला. बैल पाणी काढता काढता भट्टी फुंकणार! अशी अक्कल आपल्या जिल्ह्यात होती आणि आपण कांद्याच्या भावाशिवाय काही बोलत नाही! ते खंगरवाडीला गेले. शेतांतून काळे, जड, फुगीर खडे सापडत, जुन्या भट्ट्यांतून निघालेला लोखंडाचा मळ. गाव त्यांना खंगर म्हणत असे आणि बांधावर फेकत असे. विष्णुपंतांनी पिशवीभर आणले. सुमेधाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते गॅलरीत ठेवायला लावले. “घरात नको, जड वाटतं,” म्हणाल्या. वजनाबद्दल की आणखी कशाबद्दल, ते विष्णुपंतांनी भीतीनं विचारलं नाही.

मग त्यांनी आठ पानांची पुस्तिका छापली. तिच्यात जन्मतारीख नव्हती. तिच्यात आबासाहेबांचे आभारही नव्हते. पुढचं सगळं या दुसऱ्या चुकीमुळं झालं असं काही लोक म्हणतात.

रकाना क्र. ४ : शिक्षण

निरंक.

(हा रकाना विष्णुपंतांनी बिनधास्त भरला होता. यावर आजतागायत कोणी आक्षेप घेतलेला नाही.)

रकाना क्र. ५ : छायाचित्र

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विष्णुपंत एका मुंजीसाठी शेवगावला गेले. एस.टी. स्टँडसमोर उतरले, घाम पुसला, चष्मा पुसला, आणि वर पाहिलं.

वर ते स्वतः होते.

वीस फुटांचा फ्लेक्स. डोक्याला लाल पागोटं, ओठांवर दोन्ही बाजूंना वळवलेल्या मिशा, खांद्यावर हातोडा, गळ्यात झेंडूचा हार. मागं ज्वाळा. खाली अक्षरं : ‘लोहमहर्षी मैराळबाबा. जन्म १ जून १७९१. भव्य जयंती सोहळा, १ जून, खंगरवाडी. समस्त ग्रामस्थ.’

फोटोत हार घातलेला आपला चेहरा पाहिला की माणसाला काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. विष्णुपंतांनी आधी स्वतःची नाडी पाहिली. ती फारच जोरात होती, म्हणजे होती. मग पानाच्या टपरीचा आडोसा घेऊन त्यांनी कल्याणला फोन लावला.

“अरे, तो माझा चेहरा आहे!”

“व्हय काका. भारदस्त आलाय का न्हाई?”

“पण माझा का?”

“आवो, मैराळबाबाचा फोटू कुठनं आनायचा? फ्लेक्सवाला म्हनला, मोबाईलमधी चेहरा तयार करतो. तयार केला त्यानं, पर एका हाताला सात बोटं आली. गाव म्हनलं, सात बोटांचा बाबा नगं. मंग मी तुमचा फोटू दिला हुता, ‘लेखक’ म्हनून कोपऱ्यात टाकायला. त्यानं त्यालाच पागोटं घातलं. आता छापून झालं.”

“आणि ती जयंती? ती कोणी ठरवली?”

“तुमीच की! तारीख तुमीच काढली. आमाला तरी कुठं ठावं हुतं बाबा कवा जल्मला ते. गावानं ठराव केलाय, दरसाल करायची. साळंला बाबाचं नाव द्यायचा प्रस्ताव बी घातलाय. त्याला बी तुमचाच फॉर्म जोडलाय.”

“कोणता फॉर्म?”

“त्योच. तुमच्या सहीचा.”

टपरीवाल्यानं विष्णुपंतांकडं पाहिलं, मग फ्लेक्सकडं, मग पुन्हा विष्णुपंतांकडं. आणि हातातलं पान खाली ठेवून त्यानं नमस्कार केला. विष्णुपंत मुंजीला न जाता मिळेल त्या गाडीनं परतले. आहेराचं पाकीट खिशातच राहिलं.

घरी सुमेधाताईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. “हार घातलेला फोटो,” त्या म्हणाल्या, “तोही जिवंतपणी. आणि तारीख तुमचीच. अहो, बघणाऱ्याला वाटेल तुमचीच जयंती आहे.”

विष्णुपंतांना नेमकं तेच वाटत होतं.

रकाना क्र. ९ : पुरावा

फॉर्मात असा रकाना नव्हता. तो आबासाहेबांनी काढला.

ते स्वतः जिना चढून वर आले, हे पहिलं दुश्चिन्ह. लिफ्ट चालू असताना आबासाहेब जिन्यानं येतात तेव्हा ते तयारी करत येतात.

“भिंग न्यायला आलो,” ते म्हणाले. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. “तर, एक जून.”

“हो,” विष्णुपंत म्हणाले. त्यांचा आवाज गॅलरीतून आल्यासारखा आला.

“सतराशे एक्याण्णव.”

“साधारण.”

“साधारण एक जून, असं असतं का विष्णुपंत? ग्रेगरियन तारीख! शेवगाव तालुक्यात, पेशवाईत, एका लोहाराच्या घरी इंग्रजी कॅलेंडर होतं म्हणायचं. पुरावा?”

“कागद पुष्कळ आहेत…”

“मी माझ्याच भिंगातून पाहिलेत तुमचे कागद. दोन ओळी आहेत. त्यात तारीख नाही.” आबासाहेब भिंग न घेताच उठले. “माझा तुमच्यावर राग नाही हां. आभारात नाव नाही म्हणून मी काही बोलतोय असंही समजू नका. प्रश्न इतिहासाचा आहे.”

इतिहासाचा प्रश्न त्यांनी माहिती अधिकारात टाकला. अर्ज थेट खंगरवाडी ग्रामपंचायतीत : ‘मैराळ लोहार यांच्या जन्मतारखेच्या पुराव्याची प्रमाणित प्रत मिळावी.’ चार दिवसांनी कल्याणचा फोन आला, मोठ्या उत्साहात.

“काका, काळजी करू नगा, उत्तर दिलंय मी. लिवलंय, सदर पुरावा श्री. विष्णुपंत गंधे, सावेडी यांच्याकडं हाय. आन् त्या आबासाहेबाला जयंतीला पाव्हना म्हनून बी बोलावलाय. म्होरच्या रांगेत बसवू. हार घातला की मानूस गप बसतो.”

त्या दिवसापासून विष्णुपंतांचं जेवण तुटलं. दारावरची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जात आणि जुनं पेन्शनचं पुस्तक उशीखाली सारत. पेन्शन थांबेल का? फौजदारी होईल का? सरकारी नोकरी संपल्यावर केलेला खोटेपणा सरकारी धरतात की खाजगी? हे कोणाला विचारायचीही सोय नव्हती; विचारलं की कबूल केल्यासारखं. चौतीस वर्षांत एक ठपका नाही, एक मेमो नाही. आणि आता उतारवयात एका परक्या माणसाला वाढदिवस दिल्याबद्दल तुरुंगात जायचं. सोबतचे कैदी विचारणार, तुम्ही काय केलंत?

सुमेधाताईंनी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी ताटावरून उठता उठता म्हणाल्या, “मग खरी तारीख शोधून काढा. नाही सापडली तर नाही म्हणून सांगा. यात न जेवण्यासारखं काय आहे?”

तारीख शोधायची हे विष्णुपंतांना पटलं. दुसऱ्या वाक्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

रकाना क्र. ७ : विशेष कार्य

भागूबाई खंगरवाडीतल्या लोहार घराण्यातली सगळ्यात जुनी बाई. मैराळच्या वंशातली. वय विचारलं तर “आधारवर बगा,” म्हणते. तिच्या दारात विष्णुपंत वही घेऊन बसले तेव्हा ती खुरप्याला धार लावत होती. तिनं एकदा त्यांच्याकडं नीट पाहिलं.

“फलकावर तुमीच हाय न्हवं? मिशा काडल्या वाटतं.”

विष्णुपंतांनी विषय बदलला. भाता मोटेला लावायचं मैराळला कसं सुचलं?

“सुचतंय कसलं. जिवावर आलं म्हनून केलं.” धार लावणं थांबलं नाही. “भट्टी पेटली की वारा तुटून चालत न्हाई. तुटला की आतलं समदं गोठतंय, दोन म्हैन्याची रेती वाया. ही नदीतली काळी रेती हो, तीच गाळायची. आन् आमच्यात भाता बाईनं वढायचा. मैराळबाबाची बायकू लंकाबाई. पोटुशी हुती, सातवा सरल्याला. तरी वढत हुती. हाताची सालटी गेल्ती. भाता सोडला तर भट्टी मरतीय, न्हाई सोडला तर ती मरतीय.”

“मग?”

“मंग त्येनं बैलांकडं बगितलं.”

खुरपं तिनं उन्हाकडं धरून पाहिलं आणि पुन्हा दगडाला लावलं.

“भट्टीपल्याड दोन मोटांची हीर हुती. एक जोडी खाली जाती तवा दुसरी मागं येती. त्येनं दोन भातं केलं आन् दोनी मोटांच्या नाड्यांला बांधलं. हिकडचा मिटतोय तर तिकडचा उघडतोय. वारा तुटायचं नावच न्हाई. गाव म्हन्तंय मैराळबाबाचं डोस्कं. डोस्कं त्येचं आसंल. पर हात लंकाबाईचं हुतं, ते कुनी लिवत न्हाई.”

विष्णुपंतांची लेखणी मधेच थांबली. पुस्तिकेत लंकाबाई नव्हती. फॉर्मातही नव्हती, फॉर्मात तिच्यासाठी रकानाच नव्हता. ते क्षणभर भीतीसुद्धा विसरले. चिठोऱ्यावरच्या दोन ओळींमागं एक बाई वाकून भाता ओढत होती आणि त्यांनी भिंग लावूनही ती दिसली नव्हती.

मग भीतीला आठवण झाली. त्यांनी घसा साफ केला. “आणि, मैराळबाबांचा जन्म कधीचा, काही ऐकलंय का? महिना वगैरे?”

“जल्म? पुराचा. नदी वसरली तवा काटाला काळ्या रेतीचं ढीग लागल्ते. सुईन म्हनली, ह्यो रेतीचा धनी जल्माला आला. भादवा आसंल.”

“उन्हाळ्यात नाही ना? म्हणजे जूनच्या सुरुवातीला, असं?”

भागूबाईनं पहिल्यांदा हात थांबवला. “उन्हाळ्यात नदीला काय आसतंय वो? गाढवं लोळत्यात.”

विष्णुपंत परत निघाले. येताना त्यांना तारीख माहीत नव्हती. जाताना ती खोटी आहे हे माहीत होतं. खोटं लिहिणं आणि खोटं आहे हे माहीत असणं, यात कायद्यानं फरक आहे असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि तो फरक काही वर्षांचा होता.

एस.टी.त खिडकीशी बसून त्यांनी कल्याणला फोन केला. “कल्याण, तारीख भाद्रपदात न्यावी लागेल.”

“काका, आचारी ठरला, मांडव ठरला, फ्लेक्स अकरा लागलेत. भादव्यात गनपती, पितरं. बाबाला कुठं बसवायचा?”

रकाना क्र. १० : शेरा

एक जून. खंगरवाडीच्या शाळेचं मैदान. मांडवाखाली ऊन कमी होतं आणि उकाडा जास्त. अख्खं गाव घरी होतं. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं कधीच परतली होती. नव्या साड्या, धुतलेल्या टोप्या. स्टेजच्या मागं तोच फ्लेक्स, आणि त्याच्या बरोबर खाली विष्णुपंतांची खुर्ची. बसल्यावर वर मिशांचे विष्णुपंत आणि खाली बिनमिशांचे, असं एक उभं चित्र तयार होई. बायका एकमेकींना कोपर मारून दाखवत होत्या.

विष्णुपंत स्टेजवर चढण्याआधी एक हवालदार गर्दीतून सरळ त्यांच्याकडं आला.

“गंधे तुम्हीच का?”

विष्णुपंतांनी मान हलवली. ती होय अशी हलली की नाही अशी, ते त्यांनाही कळलं नाही. सुमेधाताईंच्या हातात घराच्या किल्ल्या द्याव्यात म्हणून त्यांनी खिशात हात घातला.

“वर बसा म्हणतात. आणि साहेब, माझ्या पोरीला निबंध आहे मैराळबाबांवर. एक पुस्तिका मिळंल का?”

विष्णुपंतांनी खिशातला हात बाहेर काढला. हातात किल्ल्या होत्या. त्या त्यांनी हवालदाराला दिल्या. मग परत घेतल्या.

नारळ फुटला, हार झाले. पहिल्या रांगेतल्या आबासाहेबांना सगळ्यात मोठा हार घातला गेला. पण कल्याणचा हिशेब चुकला. हार घालूनही आबासाहेब गप्प बसले नाहीत. उलट हार सावरत उभे राहिले, आणि मांडवात नीट ऐकू जाईल अशा, बँकेच्या वार्षिक सभेत कमावलेल्या आवाजात म्हणाले,

“अध्यक्ष महाराज, एकच प्रश्न. ही तारीख कोणी काढली आणि कशावरून?”

कल्याणनं माईक विष्णुपंतांच्या हातात दिला, विश्वासानं. अंगाला चिकटलेला विंचू शेजाऱ्याला द्यावा तसा. माईक गरम होता. विष्णुपंत उभे राहिले. त्यांनी तीन उत्तरं तयार करून आणली होती. पहिलं : ‘संशोधन सुरू आहे.’ दुसरं : ‘यथावकाश सादर करू.’ तिसरं म्हणजे चक्कर येऊन पडणं. तिसऱ्याची त्यांनी आदल्या दिवशी दिवाणावर तालीमही केली होती.

समोर दुसऱ्या रांगेत भागूबाई बसली होती. दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून. तिचे तळवे विष्णुपंतांना इतक्या लांबून दिसले, काळे, चिरा पडलेले, आणि त्यांच्या तोंडून चौथंच उत्तर निघालं.

“मी काढली. कशावरूनही नाही.”

माईकमधून ते मैदानाच्या टोकापर्यंत गेलं.

“तो रकाना मोकळा होता. मला मोकळा रकाना बघवत नाही. म्हणून… मास्तर लोक लिहितात तशी लिहिली. एक जून. मैराळबाबांचा जन्म भादव्यातला. साल मला माहीत नाही. मी खाली खरं आहे म्हणून सहीसुद्धा केली.” त्यांनी माईक या हातातून त्या हातात घेतला. “आणि त्या पुस्तिकेत लंकाबाईंचं नाव नाही. भाता त्या ओढत होत्या. त्यांचे हात गेले म्हणून मैराळबाबांनी बैल जुंपले. ती चूक याहून मोठी आहे. आता जे व्हायचं ते… मी शिक्षेस पात्र आहे.”

ते थांबले. पळायला जागा नव्हती. मागं फ्लेक्स होता. कल्याणचं तोंड पडलं होतं. हवालदार वहीत काहीतरी लिहीत होता (पोरीच्या निबंधाचं, हे नंतर कळलं). आबासाहेबांनी विजयी मुद्रेनं मांडवाकडं पाहिलं.

भागूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

“थांबा की. एक जून मंजी ती साळंतली तारीख व्हय? पोराला साळंत घालताना लिवत्यात ती?”

“तीच,” विष्णुपंत म्हणाले.

“माझ्या आधारवर बी तीच हाय.”

“माझी बी,” मागून कोणीतरी म्हणालं. “आमच्या दोघांची बी,” एक बाई म्हणाली, आणि नवऱ्याला पुढं ढकललं. मांडवात एक जून, एक जून असं चहूकडून उमटू लागलं, जसं काही हजेरी चालली होती.

भागूबाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. फ्लेक्सकडं पाहिलं, मग विष्णुपंतांकडं. तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या हळूहळू जागा बदलू लागल्या.

“आमच्या मानसाला कुनी कंदी साळंच्या वट्यावर चढू दिलं न्हाई. दोनशे वरसं झाली त्येला मरून. आन् तुमी आत्ता त्येचं नाव साळंत घातलं म्हना की, मास्तर!”

मांडव असा हसला की वरचं कापड हललं. कोणीतरी टोपी उडवली. कल्याणच्या जिवात जीव आला. त्यानं लगेच दुसरा माईक घेतला आणि जाहीर केलं की जयंती एक जूनलाच होईल, बाबाचा भादवा वेगळा साजरा होईल, आणि पुढच्या साली फलकावर लंकाबाई बी असंल. “आन् तिला चेहरा भागूबाईचा,” असं कोणीतरी ओरडलं, त्यावर भागूबाईनं पदर तोंडाला लावला.

“पण इतिहास…” आबासाहेब अजून उभेच होते.

“खाली बसा वो पाव्हनं,” भागूबाई म्हणाली. “मागच्यांना दिसंना.”

(रकाना नसलेली जागा)

परतीच्या जीपमध्ये आबासाहेब पुढं बसले होते, मांडीवर हार घेऊन. करंजीच्या घाटात मागं न वळता म्हणाले,

“विष्णुपंत.”

“हं?”

“माझीही तीच आहे.”

“काय?”

“तारीख. बँकेत कोणाला माहीत नव्हतं. तुम्हीही बोलू नका.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “आक्षेप मात्र मागं घेणार नाही.”

सुमेधाताईंनी विष्णुपंतांच्या दंडाला चिमटा काढला. विष्णुपंतांनी पिशवीतलं भिंग काढून पुढं दिलं. आबासाहेबांनी ते तसंच मागं सारलं. “राहू द्या. लंकाबाईंचं शोधायला लागेल.”

रकाना क्र. २ : जन्मतारीख (दुरुस्ती)

विष्णुपंतांनी दुरुस्तीचा फॉर्म स्वतः भरून पाठवला. रकाना सातमध्ये लंकाबाईंबद्दल इतकं लिहिलं की अक्षरं रेघ ओलांडून समासात गेली. रकाना दोनमध्ये लिहिलं : ‘माहीत नाही.’

पंधरा दिवसांनी बेल वाजली. रजिस्टर पोस्ट. सुमेधाताई मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. विष्णुपंतांनी स्वतः दार उघडलं, स्वतः सही केली, आणि पाकीट फोडायला त्यांना वीस मिनिटं लागली.

आत त्यांचाच फॉर्म होता, परत. वर लाल शाईत, ओळखीच्या, कारकुनी वळणाच्या अक्षरात : ‘रकाना क्र. २ मधील उत्तर नमुन्यात बसत नाही. दिवस, महिना, वर्ष या स्वरूपात भरून फेरसादर करावे.’

ते अक्षर त्यांना कळत होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त भीती वाटत होती.

विष्णुपंतांनी नवा फॉर्म घेतला. दिवसाच्या चौकोनावर पेन टेकलं आणि हात जुन्या सवयीनं एक लिहायला निघाला. कपाळावर घाम आला. खाली कोणाची गाडी चालू नव्हती, कोणतीही मुदत नव्हती, तरी आला. त्यांनी पेन उचललं. तिन्ही चौकोन तसेच मोकळे ठेवले आणि त्यांच्या बाहेर, समासात, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं : ‘माहीत नाही. भादव्यात असावा, पूर ओसरल्यावर.’

मग तळाचं ते बारीक अक्षरातलं वाक्य त्यांनी बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि सही केली.

पाकीट त्यांनी स्वतः पोस्टात नेऊन दिलं. रजिस्टरनं, पोचपावतीसह.